चादर जाऊन आली

तिकीट एकोणीस पौंडांचं होतं.
ते मीच शोधलं, केअर होमच्या नाइट शिफ्टला,
पहाटे तीन वाजता,
कुणाचीच बेल वाजत नाही अशा वीस मिनिटांत.
मीच म्हटलं होतं, तीन तिघाडा नको, चौघं जाऊ:
शाल्मली, निनाद, ओजस आणि मी.

मग तीन महिने नुसता तक्ता.
हॉस्टेल: आठ जणांची खोली, चादर भाड्याने नको, घरून.
कॉफी: पाच पौंड, म्हणजे नाही.
ऑपेरा हाउसच्या छतावर चालणं: शून्य.
पुतळ्यांची बाग: शून्य.
बेटांकडे जाणारी बोट: ट्रामच्याच तिकिटात.
ऑस्लोत पैसा पाण्यासारखा जातो म्हणतात,
म्हणून पाण्यालाही मी एक ओळ दिली होती:
नळाचं, फुकट, बाटली आपली.

व्हिसा तेवढा कुठल्या रकान्यात बसला नाही.
त्या तिघांना तारखा मिळाल्या.
माझी वेबसाइट पाच मिनिटं अडकली
आणि मला मिळाला
विमान उडून गेल्यानंतरचा मंगळवार.

शुक्रवारी त्यांना सोडायला गेले,
शटलचे पैसे वाचवत, स्टेशनपासून चालत,
ल्यूटनच्या चढावरून.
शाल्मलीच्या अंगात तीन स्वेटर, वर ओजसचा कोट,
कारण बॅगेचं माप ठरलेलं आणि थंडीचं नाही.
लसणाची चटणी द्रव की घन
यावर रांगेत बराच वाद झाला.
माझी चादर निनादच्या पिशवीत गेली.
निळी, कडेला इस्त्रीचा डाग असलेली.
मी गेले नाही.

शनिवारी सकाळी खोली क्रमांक सहा.
मिसेस अ‍ॅथर्टनना मी तीन महिने ऑस्लो सांगत आले होते,
गोळ्या देताना, नखं कापताना.
त्यांना काल आठवत नाही, पण ऑस्लो आठवतं.
‘आलीस? कसं होतं?’
मी खरं सांगायला तोंड उघडलं
आणि तक्ताच बोलू लागला:
छत पांढरं आहे, उतरत उतरत पाण्यात जातं,
त्यावर चालायला कुणी पैसे मागत नाही.
‘कुणीच नाही?’
कुणीच नाही.

खिशात फोन थरथरला.
*अगं, ते स्वस्त दुकान कुठंय?*
मी टॉवेल आणायच्या निमित्ताने बाहेर आले.
*ट्राममधून उतरून डावीकडे, चर्चच्या मागे,
सहानंतर पाव अर्ध्या किमतीत.*
*मिळालं! तू देव आहेस.*
मी देव होते,
हातात मिसेस अ‍ॅथर्टनची कवळी.

आत आले तर त्या खिडकीकडे बघत होत्या.
‘आणि वारा? वारा कसा होता?’
वाऱ्याचा रकाना नव्हता माझ्याकडे.

मी ओजसला विचारलं.
दोन्ही निळ्या खुणा उमटल्या आणि बराच वेळ काही नाही.
मग एक आवाजी मेसेज, अकरा सेकंदांचा.
त्यात कुणी बोलत नव्हतं.
बोटीच्या कठड्याबाहेर
त्याने हात लांब करून फोन धरला असावा.
मी तो त्यांच्या उजव्या कानाशी नेला, डावा गेलेला आहे.
त्यांनी डोळे मिटले. शाल गळ्यापर्यंत ओढली.
‘खिडकी लाव गं,’ म्हणाल्या, ‘गार येतंय.’
खिडकी बंदच होती.
मी उठले, आणि लावली.

रविवारी रात्री साडेअकराला तिघं परत.
हिशेब: माणशी एकशे त्रेसष्ट,
माझ्या नावापुढे शून्य,
तेच शून्य, छताचं आणि बागेचं.
शाल्मलीचं नाक सोललेलं. चटणी संपलेली.
निनादने पिशवीतून चादर काढली, बोळा करून,
‘धुऊन देतो’ म्हणाला.
नको म्हटलं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरंय.
माझं अंथरूण त्या रात्री ऑस्लोहून आलेलं होतं.
त्याला निनादच्या मोज्यांचा वास येत होता,
आणि थोडा कशाचा तरी, खारट.
मी पाय पसरले.